प्रमाद आणि कोळंबीचे जाळे

सुरत हे जैन महाजनांचे जुने व्यापारी शहर असून तापीच्या मुखाकडे मासेमारीवर जगणाऱ्या माछी आणि कोळी समाजांच्या वस्त्या आहेत, त्यामुळे सागरी जिवांच्या हत्येचा प्रश्न येथे केवळ पोथीतला राहत नाही. मात्र तो बहुधा ‘मासे मारणे पाप की नाही’ एवढ्यावरच अडतो, एक समाज दुसऱ्याला दोषी ठरवतो आणि समुद्राचे काय होते आहे याचा विचार दोघांकडूनही राहून जातो.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची जी व्याख्या केली तिच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे रागलोभाच्या भरात आलेला असावधपणा, आणि त्यातून घडलेली प्राणहानी ही हिंसा. जैन आचार्य मासेमारीला जाणूनबुजून केलेली, म्हणजे संकल्पी, हिंसाच म्हणतील. उलट महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध, जो मिथिलेत मांस विकतो आणि नांगराखालीही असंख्य जीव मरतात हे एका ब्राह्मणाला समजावतो, तो कुळपरंपरेने आलेल्या व्यवसायाला धर्मात जागा देतो. हा मतभेद मिटणारा नाही. तरीही असावधपणाचे समर्थन या दोन्ही परंपरांत सापडत नाही, आणि कोळंबीच्या ट्रॉल जाळ्याचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा.

ट्रॉल म्हणजे बोटीमागे तळावरून ओढले जाणारे पिशवीसारखे जाळे; दोन जड फळ्या त्याचे तोंड उघडे ठेवतात, वजनदार दोर चिखल ढवळतो, आणि कोळंबीबरोबर खेकडे, माशांची पिल्ले, कधी कासवही त्यात येते. ज्यांना मारण्याचा हेतू नव्हता, पण जे मरणार हे आधीपासून ठाऊक होते, त्यांच्या मृत्यूला अपघात म्हणता येत नाही. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात गृहस्थाला निषिद्ध असलेल्या पंधरा व्यवसायांत, म्हणजे कर्मादानांत, सरोवर आटवणेही आहे. पाणी आटले की त्यातला एकही जीव निवडून वाचवता येत नाही, आणि ट्रॉलचा दोष नेमका हाच आहे.

जुने ते निर्दोष, असेही नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या प्रचंड प्रवाहात रोवलेले डोल जाळे तळ खरवडत नाही, पण जवळ्यासाठी त्याचे शेपूट, म्हणजे मासळी साठणारे मागचे टोक, इतके बारीक विणलेले असते की माशांची पिल्लेही त्यात अडकतात. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांतल्या तलावांतली कोळंबी समुद्रातून ओढलेली नसते, एवढ्यावरही समाधान मानता येत नाही, कारण कोळंबीच्या खाद्यात मासळीचे पीठ असते आणि सौराष्ट्रातल्या वेरावळ, पोरबंदरच्या कारखान्यांत ट्रॉलमधली टाकाऊ मासळीच अशा पिठासाठी दळली जाते; येथे प्रमाद नाहीसा होत नाही, खाणाऱ्याच्या नजरेआड जातो इतकेच.

सावधपणा शिकवता येतो याचा दाखला गुजरातनेच दिला आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्क ही बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे असे सौराष्ट्राच्या मच्छीमारांना सांगितले, आणि जाळ्यात सापडलेला हा मासा, जाळे कापून का होईना, सोडून देण्याची रीत तेथे रुजली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई सरकारने देऊ केली, हेही तितकेच महत्त्वाचे. कायद्याचा धाक त्याआधीही होता, कारण 2001 पासून हा मासा संरक्षित आहे.

कोळंबीला लेक म्हणणारा कथाकार मिळेल असे नाही, पण नियम मिळाला आहे: गुजरातच्या 2003 च्या मत्स्य कायद्याने ट्रॉलच्या शेपटाला किमान 40 मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, ठरवून दिला आहे, ज्यातून पिल्ले निसटू शकतात, आणि लहान कोळंबीही निसटते म्हणूनच तो वापरणे मच्छीमाराला जड जाते. हा तोटा बोट चालवणाऱ्या गरीब तांडेलाने एकट्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे आहे. पांजरापोळांना सढळ हाताने देणाऱ्या सुरतेच्या महाजनांनी जीवदयेचा काही निधी अशा जाळ्यांसाठी द्यावा, आणि कोळंबी खाणाऱ्याने तिच्यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत.