सहजतेचे उत्तरदायित्व

लहान मुलाचे छायाचित्र त्याला सजवून-बसवून न काढता त्याच्या खेळण्याच्या, रुसण्याच्या किंवा विचारात गढून जाण्याच्या ओघातच टिपावे, हा आग्रह आज घरोघरी रुजला असला, तरी ही सहजता कोठून येते आणि तिच्यामुळे टिपणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार क्वचितच होतो.

छायाचित्रणाच्या आरंभकाळी अशी सहजता शक्यच नव्हती. छायाचित्रणाचे आद्य शोधक दागेर यांच्या १८३९ मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीत प्रतिमा उमटण्यासाठी पत्र्यावर बराच वेळ प्रकाश पडू द्यावा लागे आणि तेवढ्यात हललेले मूल पुसट दिसे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील कित्येक छायाचित्रांत आई कापडाखाली दडून बाळाला स्थिर धरून बसलेली असते. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ कॅमेरा आला आणि क्षणार्धात टिपलेले चित्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. पण क्षण टिपता आला, तरी सांगून आणलेले हसू फसवेच वाटते; असे का, याचा उलगडा फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्येच केला होता: ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेनुसार हलवता येतो, परंतु डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू प्रायः खऱ्या आनंदातच आकुंचन पावतो.

मात्र मोठी माणसे आपला चेहरा पाहणाऱ्यासाठी सावरतात, तसे तान्हे मूल सावरत नाही, कारण आपण कोणाला तरी दिसत आहोत ही जाणीवच त्याच्या ठायी अजून घडायची असते. नकळत चेहऱ्यावर लावलेला ठिपका आरशात पाहून मूल स्वतःच्या चेहऱ्याला हात लावते का, हे तपासणाऱ्या आरसा-चाचणीत बहुतेक मुले साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास स्वतःला ओळखू लागतात. तात्पर्य, ज्या बेसावधपणामुळे छायाचित्र मोहक होते, त्याच बेसावधपणामुळे मुलाची संमती त्यात नसते. आणि चित्र जितके अधिक नैसर्गिक, तितका टिपणाऱ्यावरचा विश्वस्ताचा भार अधिक.

याचा अर्थ मांडणी केलेले छायाचित्र नीतीच्या दृष्टीने श्रेष्ठ ठरते, असा नव्हे. रडणाऱ्या मुलाला खाऊचे आमिष दाखवून हसवण्यात संमती नसून केवळ सक्ती असते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलांची अजोड छायाचित्रे टिपणाऱ्या हेलन लेव्हिट काटकोनी दृश्यदर्शक, म्हणजे कॅमेरा एका दिशेला असताना दुसरीकडे पाहत असल्याचा भास निर्माण करणारे साधन, वापरीत. १९४३ मध्ये तेथील आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्या चित्रांतील आदर निर्विवाद आहे. तरीही मुलांना न कळू देण्याच्या युक्तीवरच ती उभी आहेत, आणि हा ताण कलेच्या थोरवीने मिटत नाही.

तो हलका करायचा असेल, तर छायाचित्र टिपणे आणि ते दाखवणे या दोन कृती वेगळ्या मानाव्या लागतात. टिपताना मुलाच्या उंचीवर बसणे, खिडकीच्या प्रकाशावर भागवणे, निसटलेली कृती पुन्हा करायला न सांगणे आणि मुलाने तोंड फिरवताच थांबणे, एवढा संयम पुरेसा ठरू शकतो. दाखवण्यासाठी मात्र तो पुरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाला संरक्षण देते, तर बारावे कलम त्याच्याशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकण्यास सांगते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन, मुलाच्या प्रतिमेवरील हक्काचे रक्षण आई-वडिलांनी मिळून करावे आणि वय व समज यांनुसार मुलालाही त्यात सहभागी करून घ्यावे, असे बंधन घातले.

कायदा काहीही म्हणो, स्नानाची, आजारपणाची किंवा फजितीची छायाचित्रे नातलगांच्या समूहात पाठवताना पालक एका अशा व्यक्तीच्या वतीने निर्णय घेत असतात, जी उद्या त्याबद्दल जाब विचारू शकते. म्हणून घरातील संग्रह मुलाच्या नावे ठेवलेली ठेव मानून, त्याला कळू लागताच त्यातील कोणते चित्र राहावे, कोणते पुसावे आणि कोणते इतरांनी पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार क्रमाक्रमाने त्याच्या हाती सोपवणे, हेच पालकांचे कर्तव्य ठरते.