‘आपलें आपण’

“मुलगा अंघोळ आपली आपण करतो ना?” एका रुग्णालयांतील तपासणीच्या खोलींत डॉक्टरांनीं आमच्या धाकट्या भगिनीस हा प्रश्न सहज विचारला, आणि तिनें मोठ्या अभिमानानें “हो, करतो कीं,” असें उत्तर दिलें. त्या उत्तरांत खोटें असें कांहींच नव्हतें. तरीहि पुढें जें झालें त्याचें मूळ त्या प्रश्नांतील ‘आपली आपण’ या दोन शब्दांत आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्या शब्दांचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचा हा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. उजनीचें पाणी जेथें शेतांच्या बांधापर्यंत चढतें अशा इंदापूर तालुक्यांतील एका गांवीं तो आईबापांजवळ राहतो. आम्ही बारामतीस अध्यापन करतों. सुटी लागली कीं तिकडे जाणेंयेणें असतें. मुलगा स्वमग्न आहे. आमच्या लहानपणीं हा शब्द गांवांत कोणास ठाऊक नव्हता. अशा मुलास खुळा म्हणत, फारच दया आली तर देवाचा माणूस म्हणत. लिओ कॅनर यानें १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून वैद्यकांत या अवस्थेस स्वतंत्र जागा मिळाली. आमच्या कायद्यास ती दिसावयास आणखी अर्धें शतक लागलें. अपंगांच्या हक्कांविषयींचा १९९५ चा कायदा सात प्रकार मोजून थांबला, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत तिचें नांव आलें आणि २०१६ च्या कायद्यानें तिला एकवीस प्रकारांत बसविलें. सरकारी भाषेंत आतां अपंगांस ‘दिव्यांग’ म्हणतात. दिव्यत्व बहाल करण्यास तिजोरींतून कांहीं काढावें लागत नाहीं, हाहि त्या शब्दाचा एक गुणच म्हणावयाचा.

भाच्यास पूर्वी मिळालेला दाखला मुदतीचा होता. मुदत संपल्यावर नवी तपासणी झाली. या तपासणीसाठीं सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेंत तयार झालेली एक मोजपट्टी आहे. तींत चाळीस विधानें असून, तें तें वर्तन क्वचित् दिसतें, कधीं कधीं दिसतें कीं नेहमीं दिसतें, हें पाहून प्रत्येकास एक ते पांच गुण द्यावयाचे असतात. बेरीज सत्तरीच्या आंत राहिली कीं स्वमग्नता नाहीं असें समजतात. आमच्या भाच्याची बेरीज आंत राहिली. साहजिकच सवलतींसाठीं कायद्यानें घालून दिलेला चाळीस टक्क्यांचा उंबरठा त्याला ओलांडतां आला नाहीं. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे, आणि तिच्यांतील अपंगांचें मासिक अनुदान राज्य सरकारनें २०२५ सालीं दीड हजारांवरून अडीच हजार केलें. वाढीची बातमी घरीं आली आणि अनुदान मात्र बंद पडलें. हातीं पडलेल्या कागदावर एक आंकडा होता. नकार द्यावयाचा तर कारणें लेखी द्यावीं असें नियम सांगतात. त्या कागदावर कारण नव्हतें.

२०१६ च्या कायद्याच्या एकोणसाठाव्या कलमाप्रमाणें अशा निर्णयाविरुद्ध अपील करतां येतें. आम्हीं तें सुचविलें तेव्हां मेहुणे म्हणाले, “मागत्यांच्या रांगेंत कशाला उभं राहायचं?” भगिनीची अडचण निराळी होती. ती म्हणाली, “दादा, अर्जांत लिहायचं काय? माझ्या लेकराला कांहीं येत नाहीं, असं? मग इतकीं वर्षं मी त्याला शिकवलं तें काय?”

मेहुण्यांच्या आक्षेपास उत्तर देणें सोपें होतें. कायद्यानें दिलेलें मागणें ही भिक्षा नव्हे. भगिनीच्या प्रश्नास मात्र आम्हांजवळ तयार उत्तर नव्हतें. आईनें मुलाचें न्यून लोकांसमोर, आणि त्या मुलासमोरहि, एकेक करून मोजून दाखवावें, तरच राज्यानें त्याच्याकडे पाहावें, ही रीत क्रूर आहे यांत शंका नाहीं. पुष्कळ कुटुंबें याच पायरीवरून परत फिरतात. पण अधिक विचार करतां आम्हांस असें दिसलें कीं, अर्जांत मुलाचें न्यून लिहावयाचेंच नव्हतें. लिहावयाचें होतें तें आईचें काम.

त्याची अंघोळ आम्हीं कित्येकदां पाहिली आहे. न्हाणीच्या दाराबाहेर भगिनी पाटावर बसते. “तांब्या घे. अंगावर घाल. अजून एक. साबण. मान. मानेच्या मागें. आतां पाय.” एके दिवशीं आम्हीं सहज मोजलें तर तिचीं तेवीस वाक्यें झालीं. ती उठून आंत जात नाहीं, त्याला हात लावीत नाहीं. पाणी तोच घेतो, साबण तोच लावतो. बाहेरून पाहणारा म्हणेल, मुलगा आपली आपण अंघोळ करतो.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण सांगतांना तो स्वतंत्र असतो असें म्हटलें, आणि लगेच पुढच्या सूत्रांत, त्या कर्त्यास जो प्रवृत्त करतो त्यालाहि कर्तृत्व दिलें. मराठी शाळेंतील पोरासहि करणें आणि करविणें यांतील भेद समजतो. मुलगा अंघोळ करतो हें खरें, आणि आई ती त्याच्याकडून करविते हेंहि खरें. डॉक्टरांच्या प्रश्नांत प्रयोजक क्रियापदास जागा नव्हती. आणि भगिनीनें, विचारलें तेवढ्याचेंच उत्तर दिलें.

मोजपट्टींतील विधानांचें असेंच झालें. बदल झाला कीं मुलगा बेचैन होतो का, याला उत्तर मिळालें, क्वचित्. खरेंच आहे. कारण त्या घरांत बदल होऊंच देत नाहींत. त्याचें ताट त्याच कोपऱ्यांत, तोच पेला, शेतावर जाण्याची तीच वाट. लग्नाकार्यास दोघांपैकीं एकजणच जातो. उसाच्या गाड्यांचा कर्कश आवाज सुरू झाला कीं त्याला मागच्या खोलींत नेतात. इतक्या बंदोबस्तानंतर जें क्वचित् उरतें त्याला एक गुण पडतो. घरानें जितकें अधिक अंगावर घ्यावें, तितका मुलाचा आंकडा कमी व्हावा, असा हा हिशेब आहे.

ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आयुष्य घालविलें तेथें आम्ही राहतों, तेव्हां मोजण्याचा आम्हांस तिटकारा नाहीं. आर्येच्या पहिल्या चरणांत बारा मात्रा आणि दुसऱ्यांत अठरा. त्या कोणीहि, कोठेंहि, केव्हांहि मोजाव्या, उत्तर बदलत नाहीं. माणसाचें उत्तर मोजतेवेळीं शेजारीं कोण बसलें आहे यावर अवलंबून असतें, आणि तपासणीच्या खोलींत शेजारीं बहुधा आईच असते.

मंडळाची बाजूहि पाहिली पाहिजे. बाहेर रांग लागलेली असते, एका माणसास मिनिटें थोडीं मिळतात. सार्वजनिक पैसा वाटावयाचा तर कोठें तरी रेघ ओढणें भागच आहे. २०२४ सालीं पुण्यांतील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून गदारोळ उठला, तेव्हांपासून दाखल्यांकडे अधिकच संशयानें पाहिलें जातें. आणि अशा संशयाचा भार नेहमींप्रमाणें ज्यांचा त्या प्रकरणाशीं कांहीं संबंध नाहीं त्यांवर पडतो. पण रेघ ओढणें निराळें आणि रेघेलाच माणूस समजणें निराळें. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयांतून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हाच भेद केला. त्याच्या वाणींतील दोष चाळीस टक्क्यांहून अधिक भरला म्हणून त्याला वैद्यकीय प्रवेश नाकारला होता. केवळ आंकड्यावरून अपात्र ठरवूं नये, विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करूं शकेल कीं नाहीं हें मंडळानें पाहावें आणि कारणें द्यावीं, असें न्यायालयानें सांगितलें. तेथें चाळीसच्या वर गेला म्हणून दार बंद झालें, येथें चाळीसच्या खालीं राहिला म्हणून.

कोणी म्हणेल, आपलें आपण असें जगांत कोण काय करतो? आमचा चहा दुसरें कोणी करतें, आमचे कपडे दुसरें कोणी धुतें, आणि आम्ही स्वतःस स्वावलंबी म्हणवितों. हें मान्य आहे. पण आमचा चहा न आला तर आम्ही कुरकुरत का होईना, उठून करूं. मदत करणारा बाजूस झाल्यावर काय उरतें, हा प्रश्न आहे. आमच्या भगिनीनें पन्नाशी गांठली आहे, आणि मेहुण्यांचे गुडघे आतांच बोलूं लागले आहेत. अठरा वर्षांवरील अशा मुलास कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या कायद्यांत आहे, आणि तोहि अर्ज करावयाचा आहे. परंतु न्हाणीच्या दाराशीं बसून तेवीस वाक्यें म्हणणारा पालक कोणती समिति नेमणार?

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. अपिलास पुरावा हवा, म्हणून आमच्या सुशिक्षित बुद्धीस एक कल्पना सुचली. एके सकाळीं भगिनीनें मुळींच बोलूं नये आणि काय होतें तें आम्हीं घड्याळ लावून लिहावें. तिनें आधीं नकार दिला. आम्हीं आग्रह धरला. मुलगा आंत गेला, तांब्या भरून घेतला आणि उभा राहिला. दिवस थंडीचे होते. थोड्या वेळानें तो दाराकडे पाहूं लागला. मग स्वतःशींच, थेट आईच्या सुरांत, “अंगावर घाल, अंगावर घाल” असें म्हणूं लागला; हात मात्र हलला नाहीं. वीस मिनिटें आम्हीं लिहीत होतों. शेवटीं भगिनी आमच्याकडे न पाहतां म्हणाली, “अंगावर घाल,” आणि त्यानें पाणी अंगावर घेतलें. तोंपर्यंत तें गार झालें होतें.

तपासणीच्या खोलीनें आईवेगळें करून मुलाला पाहिलें नाहीं अशी आमची तक्रार होती. तें काम आम्हीं घरीं केलें. तें योग्य झालें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचें टिपण मात्र अर्जास जोडलें आहे, कारण त्याहून स्पष्ट दुसरा कागद आमच्याजवळ नव्हता. सही करण्यापूर्वीं भगिनीनें तें सगळें वाचलें. “वीस मिनिटें तांब्या हातांत धरून उभा राहिला,” या वाक्याशीं ती बराच वेळ थांबली. मग तिनें लेखणी मागून घेतली आणि त्याच्यापुढें आपल्या अक्षरांत लिहिलें, “मी बोलल्यावर त्यानें अंघोळ केली.” अपिलाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.