व्यक्तिचित्र, चित्रफीत आणि ऋण

स्थानिक गायक, वादक, चित्रकार यांची तीन-चार मिनिटांत ओळख करून देणाऱ्या चित्रफितींचा आज सुकाळ आहे. त्यांची घडण बहुधा ठरलेली असते: कामाची जागा, हातांचे समीपदृश्य, बालपणीच्या हालांचे चार शब्द आणि कलाकृतीची ओझरती झलक. या प्रकाराची सौंदर्यशास्त्रीय चिकित्सा करता येईलच. परंतु त्याआधी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे जगणे आपण आशय म्हणून घेतो, तेव्हा त्याच्याशी आपले कोणते नाते जडते?

आक्षेप लघुतेवर नाही. तो घेण्याचा अधिकार मराठी वाचकाला तर नाहीच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधील (१९४९) माणसे मोजक्या पानांतच उभी राहतात. मात्र त्या पानांमागे त्या मुलखाशी असलेले दीर्घ साहचर्य आहे. चित्रफितीमागे पुष्कळदा एका दुपारची भेट असते.

आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. तो काही परिचयपट नव्हे. तरीही अनेक प्रेक्षकांच्या लेखी घोगरे म्हणजे तेवढेच दृश्य. तेथे ते शहरातील गरिबांचा आवाज आहेत, आणि त्या गाणाऱ्या माणसाविषयी आणखी काही विचारावे असे आपल्याला वाटत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी आपले आयुष्य संपवले. डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायलेल्या या दलित शाहिराने मरताना डोक्याला निळे कापड बांधले होते. वर्ग आणि जात यांच्यातील जो पेच या एका कृतीत आहे, तो पूर्वीच्या दृश्यात कोठेही मावत नव्हता. पटवर्धन पुन्हा त्या वस्त्यांत गेले. 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. तो २०११ मध्ये आला.

या परतण्याला मी महत्त्व देतो. स्वतः टिपलेली प्रतिमा अपुरी होती हे परतणारा कृतीने मान्य करतो. अर्थात हे समर्थन निर्वेध नाही. मृत्यूतून चित्रपट निर्माण होणे हेही एक प्रकारचे घेणेच आहे, आणि घोगऱ्यांना त्या परतण्याचा काय उपयोग? शिवाय चौदा वर्षे कोणाला परवडतात? होतकरू कलावंत आज स्वतःच चित्रफीत मागतो, तिच्यामुळे त्याला चार कार्यक्रम मिळतात; त्याच्या संमतीला खोटे ठरविणे हा अभ्यासकाचा उद्धटपणा होईल. तथापि संमती त्या दिवसाच्या प्रतिमेला असते. पुढे तो माणूस बदलला, गाणे सोडून बसला, अडचणीत आला, तर ती प्रतिमा तशीच फिरत राहते आणि तिच्या कर्त्यावर कसलेच बंधन उरत नाही. तेथे ऋणाची कल्पनाच नसते.

'जय भीम कॉम्रेड'मध्ये कबीर कला मंचाचे तरुण शाहीरही गातात. नक्षलवादाच्या आरोपामुळे त्यांपैकी काही भूमिगत झाले. शीतल साठे व सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वाधीन झाले. त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीत पटवर्धन होते. चित्रीकरण तेव्हा कधीच संपलेले होते.