न कळविलेला आरोप

सहार विमानतळावर विमानांची व सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या 'सेलेबी' या मूळच्या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्र सरकारने १५ मे २०२५ रोजी रद्द केली. कारण एवढेच सांगितले गेले : राष्ट्रीय सुरक्षा. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारने आपली माहिती बंद लिफाफ्यात न्यायालयापुढे ठेवली आणि ७ जुलै रोजी याचिका फेटाळली गेली. तत्पूर्वी ५ एप्रिल २०२३ रोजी 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीच्या अपिलात मात्र सर्वोच्च न्यायालयाने अशा लिफाफ्यावर विसंबून दिलेला निर्णय रद्द ठरविला होता.

राष्ट्ररक्षणासाठी काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात, हे मान्य. परंतु जो आरोप कळलाच नाही, त्याला उत्तर कसे द्यावे? १७२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या खटल्यात एका इंग्रज न्यायमूर्तींनी एदेन बागेचे स्मरण करून दिले होते : परमेश्वरानेही शिक्षेपूर्वी आदामाचे म्हणणे ऐकून घेतले. सर्वज्ञाला माहितीची उणीव नव्हती. त्याने माणसाचा मान राखला. राज्यकर्ते तर सर्वज्ञ नाहीत. म्हणून गोपनीय तपशील वगळून आरोपाचा सारांश तरी संबंधितांना कळविणे, हे त्यांचे कर्तव्यच ठरते.