हसावे कुणावर?

शिखरे सर करणाऱ्यांच्या विजयगाथा आपण आदराने वाचतो. पण पुन्हा पुन्हा हाती घेतो ती फजितीची पुस्तके. असे का व्हावे?

एरिक न्यूबी यांचे 'अ शॉर्ट वॉक इन द हिंदुकुश' (१९५८) वाचताना आम्हाला हा प्रश्न पडला. लंडनच्या कपड्यांच्या व्यवसायातला हा माणूस १९५६ साली ह्यू कार्लेस या मुत्सद्दी मित्रासोबत अफगाणिस्तानातले मीर समीर शिखर चढायला निघाला. गिर्यारोहणाची तालीम काय, तर वेल्समधले मोजके दिवस! पाय सोलले, पोट बिघडले, शिखर हुकले. नूरिस्तान पाहून परतताना थेसिजर हा पक्का मुशाफिर भेटला. त्याने दोघांच्या हवेच्या गाद्यांची टर उडवली. न्यूबींनी पुस्तक तिथेच संपवले. शेवटचे हसू स्वतःवर घेतले.

गोडी आहे ती इथे. पहाडापुढे माणसाचा तकब्बुर गळतो, आणि त्याची कबुली देणारा आपल्याला जवळचा वाटतो.

पण न्यूबी अधूनमधून अफगाण सोबत्यांवरही हसतात. तिथे आमचे हसू अडखळते. साहेबाची फजिती हौसेची. घोडे हाकणाऱ्याची ती रोजी. त्याने घरी जाऊन या दोन साहेबांविषयी काय सांगितले, ते पुस्तकात येत नाही.

आम्हीही गडावरून आल्यावर वाटाड्याच्या बोलीची नक्कल करून मैफल हसवली आहे. आमच्या बोलीची नक्कल कुणी केली, की मात्र ती झोंबते.

हसावे जरूर. फक्त ज्याच्यावर हसतो, तो त्याच मैफलीत बसून आपल्याबरोबर हसू शकेल का, एवढे आधी मनाला विचारावे.