शुद्ध अंतःकरण आणि सुखाचा प्रश्न



दरवर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, आपण मिस्सामध्ये डोंगरावरील प्रवचनाचा आरंभ ऐकतो (मत्तय ५:१-१२). त्यातील सहावे धन्यवचन अंतःकरणाने शुद्ध असलेल्यांविषयी आहे. त्यांना देवाचे दर्शन घडेल, असे अभिवचन प्रभू येशूने दिले आहे. हे वचन कानी पडले की बहुतेकांना सहावी आज्ञा आठवते. शुद्धता म्हणजे डोळ्यांची आणि देहाची शुद्धता, ती तरुणांना सांगायची गोष्ट, असे आपण धरून चालतो. पन्नाशी उलटलेला माणूस सुटकेचा निःश्वास सोडून पुढच्या वचनाकडे वळतो.

सहाव्या आज्ञेचे महत्त्व आम्ही कमी करीत नाही. परंतु या वचनाचा पल्ला त्याहून मोठा आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे ‘काथारोस’ हा शब्द आहे. अरिमथाईच्या योसेफाने प्रभूचा देह ज्या तागाच्या वस्त्रात गुंडाळला, त्या स्वच्छ वस्त्रालाही मत्तयाने हाच शब्द वापरला आहे. पाखडून कोंडा काढलेल्या धान्यालाही ग्रीक लोक तोच शब्द लावीत. शिवाय पवित्र शास्त्रात अंतःकरण म्हणजे केवळ भावनांचे घर नव्हे. माणूस जेथे विचार करतो आणि निर्णय घेतो ती जागा. तेव्हा प्रश्न भेसळीचा आहे. आपण जे करतो ते कोणासाठी करतो?

उदाहरण द्यायचे तर ते आमचेच द्यावे लागेल, कारण कुमसारात ऐकलेले तेथेच राहते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्ही पहिल्या शुक्रवारी एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे ख्रिस्तशरीर घेऊन जात असू. एका जुलैत पाऊस असा कोसळत होता की गल्लीत गुडघाभर पाणी. जाऊ नये असे मनापासून वाटत होते. तरीही गेलो. का गेलो? आदल्याच रविवारी काही मंडळींसमोर आम्ही मोठ्या तोंडाने सांगितले होते की, आमचा पहिला शुक्रवार कधी चुकत नाही. आता तो चुकला असता तर शोभले नसते. आजींच्या खाटेजवळ बसून आम्ही प्रार्थना म्हटली आणि दोनदा घड्याळ पाहिले. निघताना त्या हात जोडून म्हणाल्या, “फादर, एवढ्या पावसात माझ्यासाठी आलात!” घरी येईपर्यंत ते ‘माझ्यासाठी’ आमच्या कानात टोचत राहिले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट नावाच्या जर्मन विचारवंताचा एक दुकानदार आम्हांला भेटला होता. १७८५ सालच्या त्यांच्या ग्रंथात तो आहे. हा दुकानदार लहान मुलालाही फसवीत नाही, सर्वांना एकच भाव लावतो. पण का, तर त्यामुळे धंदा चांगला चालतो. कांट विचारतात, याला नीतिमत्ता म्हणायचे काय? त्या पावसातल्या शुक्रवारी तो दुकानदार म्हणजे आम्हीच होतो. आपल्यातही तो पुष्कळदा असतो. देवळाला देणगी देतो, पण पाटीवर नाव कोणत्या ओळीत आले ते पाहतो. आजारी नातेवाइकाला भेटायला जातो, कारण न गेलो तर लोक काय म्हणतील!

येथे कोणी चाणाक्ष वाचक आम्हांला अडवील. “फादर, मग प्रभूच्या वचनातही भेसळ नाही काय? शुद्ध राहा म्हणजे धन्य व्हाल, देव दिसेल, असे तो सांगतो. बक्षिसाच्या आशेने शुद्ध राहिलो तर ती शुद्धता कसली?” हा प्रश्न खोडसाळ नाही. आम्ही स्वतः त्यावर बरेच दिवस अडलो होतो.

आपल्याकडे अनेक घरांतील पुरुष जहाजावर नोकरीला आहेत. सहा-आठ महिन्यांनी तो घरी येणार असतो आणि बायको दिवस मोजीत असते. कोणी तिला स्वार्थी म्हणेल काय? तिचा डोळा त्याच्या सामानावर असता, तर म्हटले असते. पण तिला तोच हवा आहे आणि तो दारात उभा राहिला की ती सुखी होते. हे सुख तिच्या प्रेमाची मजुरी नव्हे, त्या प्रेमाची पूर्तता आहे. प्रभू शुद्ध अंतःकरणाच्या लोकांना जमीन, मान किंवा दीर्घायुष्य देऊ करीत नाही. देवाचे दर्शन देऊ करतो. ज्याला देव नकोच आहे त्याला हे बक्षीस वाटणारही नाही. भेसळीच्या अंतःकरणाला त्याचे आकर्षणच नसते.

म्हणूनच आतले सुख आणि शुद्धता यांची ताटातूट होत नाही. याकोबाच्या पत्रात (४:८) अंतःकरणाच्या शुद्धीचा आदेश द्विबुद्धीच्या माणसांना दिला आहे. दोन खाती ठेवणारा माणूस दमतो. काम करायचे आणि ते कोणी पाहिले याचा हिशेबही ठेवायचा! कौतुक झाले तर आज बरे वाटते, उद्या पुन्हा भूक. आमच्या प्रवचनाची कोणी स्तुती केली नाही की आमचे रविवारचे जेवण बेचव होते, हे आमचा आचारी तुम्हांला सांगेल.

मग भेसळ आहे म्हणून काम सोडावे काय? पाचव्या शतकातील संत जॉन कॅशियन यांनी इजिप्तच्या वाळवंटात आब्बा मोशे या वृद्ध तपस्व्याकडून जे ऐकले, ते लिहून ठेवले आहे. तपस्व्याचा अंतिम हेतू देवाचे राज्य आणि त्यासाठीचे रोजचे लक्ष्य अंतःकरणाची शुद्धता, असे आब्बांचे म्हणणे. त्यांनी दाखला दिला तो शेतकऱ्याचा. त्याला पीक हवे असते, म्हणून तो उन्हातान्हात तण काढीत राहतो. आणि त्यांनी एक विनोदी पण बोचरे निरीक्षणही नोंदविले आहे: मोठी संपत्ती सोडून वाळवंटात आलेले काही जण पुढे एका चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून रागावू लागले. गोणीभर सोने सोडले, सुई सुटेना!

तण आहे म्हणून कोणी शेत टाकून देत नाही. सध्या आपल्याकडे भाताची झोडणी चालली आहे. कोंडा दिसतो म्हणून कोणी भात फेकत नाही. सुपात घेऊन पाखडतो. पण पाखडायला आधी सुपात भात असावे लागते. आम्ही त्या शुक्रवारी गेलो नसतो तर आमचा हेतू शुद्ध झाला नसता, फक्त आजी ख्रिस्तशरीराविना राहिल्या असत्या. आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना हे सारे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी पुन्हा जा. आणि यावेळी कोणाला सांगू नकोस.”

पुढील शुक्रवारी गेलो. त्याच्या पुढच्याही. कधी मन लागले, कधी नाही. केव्हातरी घड्याळ पाहणे बंद झाले. केव्हा, ते सांगता येत नाही. आजी मग दारात चाहूल लागताच हसू लागत आणि आम्हीही.

येत्या शनिवारी सायंकाळी साडेचारपासून आम्ही देवळात कुमसारासाठी बसणार आहोत. घाई करू नये, दिवे उशिरापर्यंत चालू राहतील. त्याआधी, शुक्रवारी, आम्ही शेजारच्या धर्मग्रामातील फादरांकडे आमचा कुमसार करून येऊ.