पित्याचे स्मरण

अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही दिवंगत पित्याचे गुण सांगतो. मरणाच्या कारणाविषयी बहुधा मौन पाळतो. इंग्लंडचे फुटबॉलपटू जेफ अ‍ॅस्टल यांच्या कन्येने, डॉन हिने, ते मौन पाळले नाही. २००२ साली, ५९व्या वर्षी ते वारले, तेव्हा आपण कधी फुटबॉल खेळलो हेही त्यांना स्मरत नव्हते. वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे मेंदूला इजा झाली, असा निर्वाळा मृत्यूच्या चौकशीत मिळाला. तो विस्मृतीत जाऊ नये म्हणून ती झटली. पित्याला प्रिय असलेल्या खेळाला दोष देणे ही कृतघ्नता का? आम्हांस तसे वाटत नाही. गोल तर प्रेक्षकांनाही आठवतात. लेकीचे ऋण त्याहून मोठे. १९६८च्या एफ.ए. कप अंतिम सामन्यातील त्यांचा तो गाजलेला विजयी गोल मात्र पायाने मारलेला होता.